खांद्यावरचे फडके

पहाटेचा काळोख पुरता विरलेला नसतो, तोच बोईसर स्थानकाबाहेरील हॉटेलांची दारे उघडू लागतात. आत शेगडी पेटते, दुधाचे पातेले चढते आणि मोरीपाशी आदल्या रात्रीच्या ग्लासांचा खणखणाट सुरू होतो. डहाणू रोडहून विरारकडे निघालेली गाडी वाणगाव मागे टाकून येण्याच्या बेतात असते. तिच्यासाठी थांबलेली माणसे उभ्याउभ्याच चहा घेतात आणि जिभेला चटका बसला तरी ग्लास रिकामा करून फलाटाकडे धावतात. ती गेली की तारापूर औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी सुटते. औषधांच्या, रसायनांच्या, पोलादाच्या, कापडाच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले कामगार डोळे चोळीत बाकड्यांवर येऊन बसतात. मिसळ, उसळपाव, वडापाव, कटिंग चहा अशा आरोळ्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागतात. या साऱ्या धांदलीत खांद्यावर फडके टाकलेला एक तरुण टेबलांमधून वाट काढीत हिंडत असतो. त्याचे नाव कोणी विचारीत नाही. ‘अरे’, ‘भाऊ’, ‘छोटू’ एवढ्यावर त्याचे भागते.

त्याच्या मागच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांची माणसे फेर धरून नाचत असतात. मध्यभागी तारपा वाजविणारा एकजण वाकलेला असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग शंखाच्या वेटोळ्यासारखी फिरत गेलेली असते. पालघर जिल्ह्यातील हॉटेलांत अशी भिंत आता नवलाची राहिलेली नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे क्षणभर पाहते, चहाचा घोट घेते आणि पैसे देऊन निघून जाते. ही माणसे कोणी रेखाटली, हा प्रश्न त्याला पडत नाही. टेबल पुसणाऱ्या त्या हाताला पुसण्याखेरीज आणखी काय येते, हा प्रश्न तर त्याहूनही दूरचा. परंतु मराठी साहित्याचा आणि कलेचा इतिहास उलगडून पाहिला, तर अशा हातांनी केलेले काम त्यात जागोजाग आढळते.

कलावंत हॉटेलातच का जातो, याला काही साधी कारणे आहेत. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाजवळ ओळख नसते, प्रमाणपत्र नसते, उसने देणारा कोणी नसतो. कारखान्याच्या फाटकावर त्याला दाखला विचारतात. हॉटेलाच्या दारात एवढेच विचारतात की, आजपासून येतोस का? कामावर लागल्यापासून दोन वेळचे जेवण सुटते. पुष्कळ ठिकाणी रात्री दार लावल्यावर दोन बाकडी जोडून निजण्याची सोय होते. म्हणजे खोलीचे भाडेही वाचते. शहरात अन्न आणि आसरा या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळवून देणारी कामे फार थोडी. त्यांतही, दुपारची जेवणे आटोपल्यावर आणि चारचा चहा सुरू होण्यापूर्वी तासाभराची उसंत मिळते. ज्याला वहीत चार ओळी लिहायच्या असतात, त्याला तेवढा तास मोलाचा वाटतो.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. दिवसभर पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडते व सोलते. मग त्याच बोटांत लेखणी किंवा कुंचला धरावयाचा असतो. एकामागून एक सांगितलेल्या दहा-बारा वस्तू चुकू न देता लक्षात ठेवाव्या लागतात. त्यामुळे रात्री मनात दुसरे काही उरतच नाही. नटाची अडचण तर निराळीच. नाटकाचा पडदा वर जातो ती वेळ आणि हॉटेलातील गर्दीची वेळ एकच. ज्या संध्याकाळी त्याने रंगमंचावर उभे राहायचे, नेमक्या त्याच संध्याकाळी मालकाला तो टेबलांपाशी हवा असतो. रोज संध्याकाळी त्याला या दोहोंतून एक निवडावे लागते, आणि ज्याच्या पोटात भूक असते त्याची निवड काय होणार, हे सांगावयास नको.

नारायण सुर्वे यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण ती केवळ ठाऊक असणे आणि तिच्याकडे नीट पाहणे यांत अंतर आहे. १९२६ साली मुंबईत रस्त्यावर सोडून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्याने ते घरी नेले आणि काशीबाईंच्या पदरात घातले. आपलेच पुरते भागत नसताना या दांपत्याने त्या मुलाला आपले नाव दिले आणि चौथीपर्यंत शाळेतही पाठविले. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून ते गावी कोकणात परतले. जाताना त्यांनी मुलाच्या हातात दहा रुपये ठेवले. त्या वेळी नारायण वयाने जवळजवळ हा पाठ वाचणाऱ्या मुलांएवढाच होता.

दहा रुपये किती दिवस पुरणार? एका सिंधी कुटुंबात तो घरगडी म्हणून राहिला. हॉटेलात कपबशा विसळल्या. कोणाचे मूल सांभाळले, कोणाचा कुत्रा सांभाळला, घरोघर दूध टाकले, हमाली केली. मग गिरणीत लागला. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत त्याला शिपायाचे काम मिळाले. वर्गाची घंटा वाजविता वाजविता त्याने राहिलेले शिक्षण पुरे केले आणि तो शिक्षक झाला. ज्या शाळेच्या दाराशी उभे राहायचे, तशाच शाळेत फळ्यापुढे उभे राहण्याचा अधिकार त्याने मिळविला. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि १९६६ साली दुसरा. या दुसऱ्या संग्रहाला त्यांनी नाव दिले ‘माझे विद्यापीठ’. हे विद्यापीठ कोणते, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की आपोआप समजते. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, १९९८ साली पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते निवर्तले.

अशा चरित्रांविषयी बोलताना एक वाक्य सर्रास ऐकू येते: कष्टांनीच त्यांना कवी केले. हे वाक्य फार विचार न करता उच्चारले जाते. कपबशा विसळून कवी होता आले असते, तर मुंबईत घरटी एक कवी झाला असता. हॉटेलाच्या मोरीपाशी सुर्वे यांच्या जोडीला आणखी मुले असणार; त्यांतील एखाद्याचा गळा गोड असेल, एखाद्याचे चित्र काढण्याचे अंग असेल. त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. कष्टांनी त्यांना काय दिले आणि त्यांच्यापासून काय हिरावून घेतले, हे सांगण्यास कोणीच उरलेले नाही. सुर्वे यांच्या बाबतीत एवढे मात्र खरे की, ज्या माणसांत ते वाढले, त्यांना ते विसरले नाहीत. हमाल, गिरणी कामगार, फुटपाथवर निजणारी बायामाणसे ही त्यांच्या कवितेत पाहुण्यांसारखी येत नाहीत, घरच्यांसारखी येतात.

एक गोष्ट येथेच सांगून टाकलेली बरी. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात, ढाब्यावर किंवा घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून आपल्या देशात बंदी आहे, आणि २०१६ साली कायदा आणखी कडक झाला. सुर्वे यांच्या बालपणी असे संरक्षण नव्हते. त्यांच्या आयुष्याचे कौतुक करताना एखादा लहान मुलगा आजही टेबल पुसताना दिसला, तर त्याला ‘होतकरू’ म्हणून पाठीवर थाप मारणे योग्य नव्हे. त्याची जागा वर्गात आहे.

अण्णाभाऊ साठे यांची वाटही पुष्कळशी अशीच, किंबहुना अधिक खडतर. १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे खरे नाव तुकाराम. शाळेत ते जेमतेम दीड दिवस बसले, असे सांगतात. कुटुंब मुंबईला निघाले, तेव्हा गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून वडिलांबरोबर ते पायी चालत आले. वाटेत मिळेल तेथे मिळेल ते काम करायचे, पोटापुरते मिळाले की पुढे निघायचे, असा तो प्रवास होता. मुंबईत त्यांनी हमाली केली, कोळसा वाहिला, घरगडी झाले, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके यांवरून त्यांनी अक्षरे जुळविली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्याला शहराने शाळा दिली नाही, त्याने शहराच्या भिंतीच पाटीसारख्या वापरल्या.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभारले. डफाच्या थापेवर कामगारवस्त्या गोळा होऊ लागल्या. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये, कथा आणि पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या एवढे विपुल लेखन त्यांनी केले, आणि ते घाटकोपरच्या चिरागनगरातील एका झोपडीत राहून केले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली निघाली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. एवढे होऊनही त्यांची ओढग्रस्त संपली नाही. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या पन्नाशीच्या आतच त्यांचा अंत झाला. नाव मिळाले की हाल संपतात, असा जो एक समज आहे, त्याला अण्णाभाऊंचे आयुष्य दुजोरा देत नाही. २००२ साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले; पण ते पाहायला अण्णाभाऊ नव्हते.

मराठी मुलुखात असे आणखी कितीतरी कलावंत सापडतील. निळू फुले हे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. संध्याकाळी हात धुऊन ते कलापथकाच्या तालमीला जात. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले, तेव्हा सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवून पोट भरीत. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी घरगडी म्हणून राबत, मोटारी धूत चित्रकला सोडली नाही. यांतील प्रत्येकाची हकिकत निराळ्या पाठाचा विषय आहे.

हॉटेलातील कामाचीच एक गोष्ट मात्र दूरदेशीची असली तरी येथे सांगण्याजोगी आहे. १९२५ साल संपत आले होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातील वॉर्डमन पार्क हॉटेलात लँग्स्टन ह्यूज नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण मेजांवरील उष्टी भांडी उचलण्याचे काम करीत होता. व्हेचल लिंडसे या नामांकित कवीचे त्या हॉटेलात काव्यवाचन ठरले होते. ह्यूज यांना ते ऐकण्याची फार इच्छा होती. पण सभागृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ज्या इमारतीत ते राबत, त्याच इमारतीचे एक दार त्यांना बंद होते. तेव्हा त्यांनी आपल्या तीन कविता कागदावर उतरविल्या, आणि लिंडसे जेवावयास बसले असता त्यांच्या ताटाशेजारी त्या ठेवून दिल्या. बोलण्याचा धीर त्यांना फारसा झाला नाही. ते लगबगीने भटारखान्याकडे परतले.

त्या रात्री लिंडसे यांनी आपल्या कविता वाचल्याच. शिवाय या तरुणाच्याही तिन्ही कविता भरल्या सभेत वाचून दाखविल्या. दुसऱ्या दिवशी ह्यूज कामावर आले, तो वार्ताहर त्यांची वाट पाहत उभे! उष्ट्या भांड्यांचे तबक हातात धरलेले त्यांचे छायाचित्र काढण्यात आले. वृत्तपत्रांनी लिहिले की, लिंडसे यांनी एक नवा कवी शोधून काढला. खरी गोष्ट अशी की, ह्यूज यांना त्याच वर्षी एका स्पर्धेत काव्याचे पहिले पारितोषिक मिळाले होते आणि त्यांचा संग्रह प्रकाशकाने स्वीकारलाही होता. १९२६ साली तो बाहेर आला. पण तबक उचलणाऱ्या माणसाकडे त्याआधी कोणी मान वर करून पाहिले नव्हते. पुढे काही दिवस हॉटेलातील पाहुणे ‘तो कवी कोणता?’ म्हणून त्यांना मुद्दाम बोलावून पाहू लागले. याचा ह्यूज यांना मोठा संकोच वाटे. आधी कोणी पाहत नव्हते, आता सगळेच टक लावून पाहत. दोन्ही वेळा कविता बाजूलाच राहिली.

आता पुन्हा पालघरकडे येऊ. येथील वारली माणसाच्या घरी चित्रकला ही मुळात पोटापाण्याची गोष्ट नव्हती. लग्नघरात भिंत शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून सवाशिणी तिच्यावर चौक लिहीत. तांदळाच्या पिठात पाणी कालविले की रंग झाला, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला झाला. चौकात पालघाट देवी विराजमान झाल्यावाचून लग्न लागत नसे. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्या तीन खुणांत माणसे, झाडे, बैल, डोंगर, सूर्य, चंद्र सारे सामावत. लग्न आटोपले की चित्र हळूहळू धुराने काळवंडे, पावसाने ओघळे. त्याचा मोबदला कोणी मागत नसे, आणि ते टिकावे अशीही कोणाची अपेक्षा नसे.

पोट भरावयाचे ते भातशेतीवर आणि मोलमजुरीवर. पावसाळ्यात लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. मग धान्य संपत येई, तशी कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जात. अजूनही पुष्कळ जण जातात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचा उत्सव होतो. त्यात मोठाले मुखवटे चढवून देव-दैत्यांची सोंगे नाचविली जातात. एरवी हे सोंग घेणारा माणूस शेतावर, भट्टीवर किंवा कारखान्यात राबताना भेटेल. त्याला कोणी ‘संघर्ष करणारा कलावंत’ म्हटले, तर तो चकित होईल. कारण त्याच्या लेखी राबणे आणि नाचणे ही एकाच वर्षाची दोन अंगे आहेत. शहरातील कलावंत हॉटेलाच्या नोकरीत अडकल्याची खंत बाळगतो. पाड्यावरच्या कलावंताला मजुरीची खंत वाटली, तरी ती पोटाची असते, प्रतिष्ठेची नसते. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी या परंपरेला निराळे वळण दिले. १९३४ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली, तेव्हा त्यांचे बोलणेच थांबले. मनातले सांगायचे असले की ते धुळीत बोटाने चित्र काढीत. मोठेपणी ते शेतात मजुरी करीत आणि सणासमारंभाची वाट न पाहता केवळ काढावेसे वाटते म्हणून चित्रे काढीत. बायकांची मानली गेलेली ही कला एक मजूर पुरुष रोज करतो आहे, याचे लोकांना नवल वाटे. १९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मधुबनी येथे हेच कुलकर्णी गेले होते. तेथील स्त्रियांनी भिंतीवरील चित्रे कागदावर उतरविली, तर चार पैसे मिळून दुष्काळाचे दिवस निघतील, या हेतूने त्यांना कागद देण्यात आला होता. वारली पाड्यांवरही भिंतीवरची रेघ अशीच कागदावर आली. जिव्या म्हसे यांच्या चित्रांची ओळख मुंबईला झाली, मग परदेशाला झाली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. त्यांना कसण्यासाठी जमीन देण्याचे वचन मिळाले होते. तो तुकडा प्रत्यक्ष हाती येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे मुलगेही चित्रे काढतात, आणि आज पालघर जिल्ह्यातील अनेक पाड्यांवर चित्रकला हा घरखर्चाला हातभार लावणारा उद्योग झाला आहे.

उद्योग झाला म्हणजे त्याला तेजी आली, आणि तेजीमागोमाग मंदीही आली. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली आणि सारा देश बंद झाला. प्रदर्शने थांबली, जत्रा थांबल्या, तमाशाचे फड ऐन हंगामात उठले. एरवी अशा वेळी कलावंत हॉटेलाकडे धाव घेतो. पण या वेळी हॉटेलेच बंद होती. बोईसरच्या हॉटेलांतून राबणारी परप्रांतीय माणसे आपापल्या मुलुखाच्या वाटेला लागली. शतकभर ज्या दाराने गरजूला ‘आजपासून ये’ म्हटले, ते दारच मिटले होते. ज्यांना शेताचा तुकडा होता ते शेतावर गेले, काहींनी भाजी विकली, कोणी मिळेल ते काम धरले. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून खाण्याची मोकळीक ५ ऑक्टोबर २०२० रोजी मिळाली, तीही निम्म्या जागांपुरती. नाट्यगृहांचे पडदे उघडावयास त्यानंतर आणखी महिना लागला, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा काही महिने मिटले. आधी खाणे आणि मग गाणे, हा क्रम सरकारी हुकुमातही तसाच राहिला. त्यात चूक काही नाही; पण ज्याचे खाणे गाण्यावरच अवलंबून, त्याच्यासाठी तो एक महिना फार लांब होता.

२०१३ साली उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि मुंबईत नशीब काढू पाहणाऱ्यांना पालघर-बोईसरकडील वस्ती जवळची झाली. जवळची म्हणजे तरी किती? बोईसरपासून चर्चगेट शंभर किलोमीटरांच्या आसपास. जाण्यात दोन तासांहून अधिक, येण्यात तितकेच. एखाद्या नाटकाच्या तालमीला जाऊन परत यावयाचे, तर अख्खा दिवस जातो. त्या दिवसाची हॉटेलातील हजेरी बुडते. बोईसर आणि पालघरच्या हॉटेलांतून, मनोर आणि चारोटी येथील महामार्गावरच्या ढाब्यांतून काम करणाऱ्या तरुणांमध्ये कोण गातो, कोण लिहितो, कोण तारपा वाजवितो, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. मालकाच्या वहीत असते ती फक्त हजेरी आणि उचल.

मात्र भिंत रंगविणारा आणि टेबल पुसणारा हे कधी कधी समोरासमोर येतात. महामार्गावरील एखाद्या हॉटेलाचा मालक भिंत सजवून घेण्यासाठी पाड्यावरच्या चित्रकाराला बोलावितो. गिऱ्हाइकांची अडचण नको, म्हणून काम रात्री चालते. शिडी लावलेली असते. चित्रकार वरच्या कोपऱ्यातून आरंभ करतो. आधी डोंगर, मग झाड, मग झाडाखाली माणसे. भाताच्या पिठाऐवजी आता डब्यातला पांढरा रंग असतो, कारण हॉटेलाची भिंत ओल्या फडक्याने पुसता आली पाहिजे. खाली खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या असतात, आणि फरशी पुसणारा तरुण मध्येच काम थांबवून वर पाहतो. तोही पाड्यावरचाच असेल, तर त्याच्या लक्षात येते की, तारपा वाजविणाऱ्याच्या पाठीमागे नाचणाऱ्यांची रांग कोणत्या बाजूने वळली पाहिजे. तो तसे सांगतो. चित्रकार शिडीवरून मान वळवून त्याच्याकडे पाहतो, किंचित हसतो आणि हातातली काडी त्याच्यापुढे करतो. तरुण खांद्यावरच्या फडक्याला हात पुसतो. भिंतीच्या खालच्या कडेला, मिठाच्या बरण्या ठेवण्याच्या फळीच्या जरासे वर, एक माणूस उमटतो: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, हातपायांच्या चार रेघा. मग आतून मालकाची हाक येते आणि तो बादली उचलून निघून जातो.